हरिकेनपाशी उभा माणूस

१

फ्रेम भिंतीवर होती, काच शाबूत होती, आतली पुठ्ठ्याची चौकटसुद्धा जागच्या जागी होती. नव्हता तो फक्त फोटो. चौकटीतून मागची पिवळट फळी दिसत होती आणि तिच्याकडे टक लावून मोनिका उभी होती.

"काका, तुमचं विमान उडालं," एवढंच ती फोनवर बोलली होती. मोनिका आमच्या सावेडीतल्या वाचनालयाची ग्रंथपाल. दसऱ्याला ती युद्धकाळातल्या नगरचं प्रदर्शन भरवणार होती, आणि त्यातला सगळ्यांत भारी फोटो आज सकाळी वाचनालय उघडल्यावर कुणीतरी काढून नेला होता.

मी स्कूटर काढली तशी पंकजा न विचारता मागे येऊन बसली. पंकजा माझी बायको. चाळीस वर्षं पॅथॉलॉजीची लॅब चालवते, दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून असते, आणि नमुना पाहिल्याशिवाय कशावरही मत देत नाही. मी मात्र मत आधी देतो. "तुम्ही एकटे गेलात तर तिथं भाषण कराल," ती म्हणाली. तिला माझी जुनी ओळख आहे.

फ्रेमखालच्या टेबलावर दोन गोष्टी सापडल्या. एक चहाची बशी, तिच्यात फ्रेमच्या पाठीमागचे सगळे बारीक खिळे एकत्र ठेवलेले, एकही वाकलेला नाही. आणि बशीशेजारी एक सुपारी अन् चार तांदळाचे दाणे.

"सुपारी," मी आवाज खाली आणून म्हणालो. "मोनिका, ही धमकी आहे. आपण पोलिसांत जाऊ."

"धमकीत तांदूळ कशाला घालतील?" पंकजानं एक दाणा बोटावर उचलून उजेडात धरला. मग ती मोनिकाकडे वळली. "सकाळपासून इथं कोण कोण आलं?"

"पेपर वाचणारी नेहमीची मंडळी बाहेरच्या खोलीतच बसतात. या दालनात तिघंच आले. रविराज, मच्छिंद्र आणि झुंबरबाई. मधेच मंडपवाल्याचा फोन आला म्हणून मी अंगणात गेले होते, परत आले तर हे असं."

"तिघांतलं आत्ता कुणी आहे इथं?"

मोनिकानं खिडकीकडे मान केली. बाहेरच्या कट्ट्यावर पारनेरच्या झुंबरबाई पिशवी मांडीवर घेऊन एसटीची वाट पाहत बसल्या होत्या. फोटो गेल्याचं त्यांना अजून कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायची हिंमत माझ्यात तर अजिबात नव्हती.

२

हिंमत का नव्हती ते सांगायला हवं, म्हणजे आधी विमान सांगायला हवं.

मी पाटबंधारे खात्यातला निवृत्त इंजिनिअर. पोट कालव्यांवर भरलं, पण जीव लहानपणापासून विमानांत. युद्धातले जुने धुरकट फोटो लोक मला कुठून कुठून पाठवतात आणि मी नाकावरून, चाकांवरून, पंखांच्या टोकांवरून विमान ओळखून देतो. गावात बंद पडलेल्या एका फोटो स्टुडिओच्या पेट्या वाचनालयाला मिळाल्या, त्यात हा फोटो फ्रेमसकट होता. माळावर उभं विमान, त्याच्या नाकावरच्या पंख्याला बांधलेला दोर, आणि विमानाच्या अंगाला डावा हात लावून उभा मुंडासंवाला माणूस. पाठीवरचा उंचवटा आणि पोटाखालचा रेडिएटर पाहिल्याबरोबर मी सांगितलं, हरिकेन, इंग्रजांचं लढाऊ विमान.

फोटो वर्तमानपत्रात छापून आला आणि दोन घरं धावत आली. दोन्ही घरांत एकच गोष्ट चालत आलेली. आमचा माणूस युद्धाच्या वेळी माळावरच्या धावपट्टीवर कामाला होता, विमानापाशी त्याचा फोटो काढला होता, पण तो फोटो घरी कधी पोचलाच नाही.

पहिलं घर सोनईच्या मच्छिंद्रचं. त्याचे आजोबा श्रीमंत धावपट्टी झाली तेव्हापासून तिथं होते आणि बेचाळीसच्या थंडीत वारले. दुसरं झुंबरबाईंचं. त्यांचे वडील आसाराम चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात कामाला लागले आणि त्याच वर्षी दिवाळीनंतर तापानं गेले. झुंबरबाई तेव्हा आईच्या पोटात होत्या. बापाचा चेहरा त्यांनी पाहिलेलाच नाही. घरात फोटो नाही, चित्र नाही, काही नाही. श्रीमंत किंवा आसाराम यांना पाहिलेलं माणूसही आता जिवंत नाही. तेव्हा फोटो कधीचा हे ठरलं की माणूस कोण तेही ठरणार होतं, आणि ते ठरवायचं काम माझ्याकडे आलं.

मला ते सोपं वाटलं. त्या काळी आपल्याकडच्या विमानांवर गोल निशाणी असायची. बाहेर निळं कडं, आत पांढरं, मधोमध लाल ठिपका. पण जपानी विमानांवरही लाल गोळा असे. घाईगर्दीत आपलीच माणसं आपल्या विमानांवर गोळ्या झाडायला लागली, म्हणून त्रेचाळीसच्या मध्यापर्यंत आपल्याकडच्या विमानांवरचा लाल रंग पुसून टाकला गेला. राहिलं गडद कडं आणि आत फिकट वर्तुळ. शेपटीवरही तसंच, आधी तीन रंगांचे पट्टे, मग दोनच. फोटोत शेपटी पुठ्ठ्याच्या चौकटीखाली दडली होती, पण अंगावरच्या निशाणीत मधोमध काळा ठिपका स्वच्छ दिसत होता. जुन्या फिल्मवर लाल रंग काळाच उमटतो. म्हणजे फोटो त्रेचाळीसच्या आधीचा, म्हणजे माणूस श्रीमंत.

हे मी सगळ्यांसमोर खडू घेऊन फळ्यावर समजावलं. मच्छिंद्रनं माझे पाय धरले. झुंबरबाईंनी पदरानं फ्रेमची काच पुसली, जिथं त्यांची बोटं लागली होती तेवढीच, आणि बाहेर गेल्या. तेव्हापासून दर दोनतीन दिवसांनी त्या पारनेरहून यायच्या, फोटोसमोर थोडा वेळ उभ्या राहायच्या आणि परत जायच्या. मला फार वाईट वाटायचं. पण इतिहास म्हणजे इतिहास, असं मी पंकजाला सांगत असे, आणि ती "हं" म्हणत असे. तिच्या त्या "हं"ची मला धास्ती वाटते.

३

पहिला संशय अर्थातच रविराजवर. तो सावेडीतच राहतो, जुन्या हेल्मेटांचा, बिल्ल्यांचा, रिकाम्या काडतुसांचा साठा करतो. फोटो आपल्याला द्या म्हणून त्यानं मोनिकाच्या मागे भुणभुण लावली होती. आम्ही गेलो तेव्हा तो लष्करी टोपी घालून कुंडीला पाणी घालत होता.

"मी चोरला असं म्हणायचंय तुम्हाला?" त्याला राग येण्याऐवजी जरा बरंच वाटलेलं दिसलं. "वहिनी, ती फ्रेम बघितलीत का? अस्सल सागवान, कोपऱ्यांना पितळ. फोटोच्या कॉप्या शंभर निघतील. मी हात घातला असता तर फ्रेम सोडून फोटो नेला असता का?"

"आणि खिळे कुठं ठेवले असतेत?"

"खिळे?" रविराज गोंधळला. "खिळे काय ठेवायचे, पडले तर पडले."

त्याच्या अंगणातच एका उघड्या रेडिओचे स्क्रू मातीत विखुरले होते. पंकजानं ते पाहिलं, त्याचे मनापासून आभार मानले आणि स्कूटरकडे वळली. माझा सगळ्यांत आवडता संशयित असा पाच मिनिटांत हातचा गेला.

"मग मोनिका," मी म्हणालो. "तिनं स्वतःच लपवला असेल. प्रदर्शनाची जाहिरात."

"अहो, तिनं हौसेनं पत्रिका छापल्यात त्या फोटोच्या. चोराशी गाठ पडली तर ती पोरगी त्याला चावेल."

मच्छिंद्रला चोरायचं कारणच नव्हतं, फोटोतला माणूस त्याचाच ठरला होता. आता झुंबरबाई उरल्या. वाचनालयात परत आल्यावर पंकजा कट्ट्यावर त्यांच्या शेजारी टेकली, आणि मी ज्याला भीत होतो ते तिनं एका वाक्यात सांगून टाकलं. "मावशी, तो फोटो कुणीतरी नेला."

म्हातारीनं पिशवी घट्ट धरली. "मला वाटलंच. मघाशी ती पोरगी रडवेली दिसली." मग त्या म्हणाल्या, "बरं झालं म्हना. न्हाईतरी माजा न्हवता तो. साहेबांनी सांगितलंच की."

मी तोंड उघडलं. पंकजानं मला डोळ्यांनी गप्प बसवलं.

"मावशी, आई त्या फोटोबद्दल काय सांगायची?"

"काय सांगनार. सनाचा दिस हुता म्हनायची. नवं धोतर नेसून, मुंडासं बांधून गेलता. गोऱ्या सायबाच्या हाताखाली काम, पर त्या दिवशी आपल्या लोकांनीच इमान धुतलं पुसलं म्हनं. संध्याकाळी घरी आला तर लई खूश. म्हनला, माजा फोटू काढलाय."

"कोणता सण?"

"ते न्हाई बाई म्हाईत. आईला इचारायचं राहूनच गेलं."

"आणि वडिलांचं पित्र कधी घालता तुम्ही?"

प्रश्न इतका आडवा होता की मी चमकून पाहिलं. हा पितृपंधरवडा आहे हे मला ठाऊक होतं, पण चोरीशी त्याचा काय संबंध ते काही कळेना.

"आमी कशाला घालू पंधरवड्यात? मी लेक. माजं मालक अजून खुटखुटीत हायेत, माजा पोरगा घट बसत्यात त्या दिवशी आजेपाडवा करतो आजाचा. तेवढंच मिळतं त्याला. बापाला मुलगा न्हवता, अन् भावकीनं रान वाटून घेतलं पर ताट कुनी वाढलं न्हाई."

पंकजा उठली. "मावशी, एसटी राहू द्या. आमच्याबरोबर सोनईला चला. अहो, घरून गाडी घेऊन या. आणि लवकर या, फोटो जेवत असेल."

मला वाटलं उन्हानं तिच्या डोक्यावर परिणाम झाला.

४

घोडेगाव मागे पडेपर्यंत मी धीर धरला, मग विचारलंच.

"चोर कधी आमंत्रण देऊन चोरी करतो का?" पंकजा म्हणाली. "सुपारी आणि अक्षता. आपल्याकडे मानाच्या माणसाला जेवायला बोलवायचं तर असंच बोलावतात. ज्यानं फोटो नेला त्यानं फोटो चोरला नाही, फोटोतल्या माणसाला आवतण दिलं आणि घरी नेलं. पंधरवडा चालू आहे. आज त्याची तिथी असणार."

"मग मावशीसुद्धा असू शकतात की."

"मावशींकडे आजेपाडव्याला करतात, त्याला अजून अवकाश आहे. पंधरवड्यात ताट वाढणार तो मुलाकडचा वंश. आणि ते बशीतले खिळे. उघडलेल्या वस्तूचा एकही खिळा हरवू न देणारा माणूस कोण? मच्छिंद्रचं काय दुकान आहे?"

"ट्रॅक्टरचं गॅरेज," मी म्हणालो, आणि गाडीचा वेग वाढवला.

गॅरेजला कुलूप होतं, पण बाहेरच्या फळीवर बरण्यांच्या झाकणांमध्ये नट-बोल्ट ठेवलेले होते, प्रत्येक इंजिनाचं वेगळं झाकण. घराच्या पडवीत पाय ठेवला तर कढीचा वास आला. मच्छिंद्र समोरच उभा, कपाळाला गंध, दाढी वाढलेली. आम्हाला पाहून त्याचं तोंड उतरलं.

"आनूनच देनार हुतो," तो म्हणाला. "संध्याकाळच्या आत. मोनिका मॅडमला मागितला हुता मी चार दिसांमागं, त्या म्हनल्या प्रदर्शनातली वस्तू बाहेर जाऊ शकत न्हाई. पर इंजिनिअर साहेब, आज तीथ हाय आजाची. आमच्या घरी कधी फोटोच न्हवता, नुसत्या सुपारीवर भागवत आलोय. पयल्यांदा तोंड दिसलं त्याचं. उपाशी कसं ठिवू?"

आतल्या खोलीत पाटावर फोटो होता, भिंतीला टेकवलेला, झेंडूची माळ घातलेला. समोर केळीच्या पानावर सगळं वाढलेलं. झुंबरबाई उंबऱ्यापाशी थांबल्या, आत आल्या नाहीत. चोर सापडला होता, आणि मला वाटलं गोष्ट संपली.

पंकजा मात्र पाटासमोर खाली बसली आणि वाकून फोटो पाहू लागली. सूक्ष्मदर्शकाला लागतो तसाच डोळा.

"अहो," ती शेवटी म्हणाली. "विमानाच्या शेपटीवर किती पट्टे असायला हवेत म्हणालात?"

५

चौकटीबाहेर आलेला फोटो मी पहिल्यांदाच पाहत होतो. इतकी वर्षं पुठ्ठ्याखाली झाकलेली कड ताज्या छपाईसारखी लख्ख होती, आणि त्या कडेत शेपटी होती. शेपटीवर पट्टे दोन. एक गडद, एक फिकट. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तिसरा पट्टा नव्हता.

"हे शक्य नाही," मी म्हणालो. "शेपटी त्रेचाळीसनंतरची आणि अंगावरचा लाल ठिपका आधीचा. एकाच विमानावर?"

"ठिपका नीट गोल आहे का, बघा."

नव्हता. रंगाऱ्यानं काढलेला ठिपका कंपासनं काढल्यासारखा असतो. हा एका बाजूला पसरट होता आणि खालून त्याचा एक ओघळ आला होता. मी तो ओघळ आधीही पाहिला होता, आणि ऊन-पावसानं रंग गेला असेल असं म्हणून सोडून दिला होता.

"त्याचा उजवा हात बघा. बोटं काळी, तळवा स्वच्छ."

"इंजिनाचं तेल."

"तेलाचं काम करणाऱ्याचा तळवा आधी काळा होतो. विचारा मच्छिंद्रला." मच्छिंद्रनं नकळत स्वतःच्या तळव्यांकडे पाहिलं. "आणि हात बघा कसा धरलाय, अंगापासून लांब. नवं धोतर आहे, डाग पडू नये म्हणून. पंख्याला तो दोर बांधलाय म्हणालात ना तुम्ही?"

"विमान ओढायचा दोर," मी म्हणालो, पण आवाजात आता दम नव्हता.

"दोराला मधे मधे पानं कशी?"

मी पाटावरच्या फोटोला घातलेली माळ पाहिली आणि मग फोटोतली. झेंडू, आंब्याची पानं, झेंडू. माझी स्कूटर दर दसऱ्याला अशीच सजते. पंकजाच्या सूक्ष्मदर्शकाला गेल्या खंडेनवमीचं कुंकू अजून चिकटलेलं आहे, मी रोज पाहतो. हत्यारं, अवजारं, गाड्या, ज्यावर आपलं पोट आहे त्या सगळ्याची त्या दिवशी पूजा होते. धावपट्टीवरच्या लोकांचं पोट हरिकेनवर होतं. त्यांनी हरिकेन धुतलं, माळ घातली, आणि निशाणीतलं पांढरं वर्तुळ बघून या काळ्या बोटांच्या माणसानं त्याच्या बरोबर मधोमध ओल्या कुंकवाचा टिळा लावला. साहेबांनी मुद्दाम पुसलेला लाल ठिपका त्यानं भक्तिभावानं परत काढून दिला, आणि ऐंशी वर्षांनी माझ्यासारख्या तज्ज्ञाला खड्ड्यात घातलं.

"म्हणजे फोटो त्रेचाळीसनंतरच्या खंडेनवमीचा," पंकजा म्हणाली. "श्रीमंत तोवर नव्हते. आसाराम यांच्या वाट्याला त्या धावपट्टीवर एकच दसरा आला, चव्वेचाळीसचा. सणाचा दिवस, नवं धोतर, आपल्या लोकांनी धुतलेलं विमान. मावशींची आई अगदी हेच सांगत होती."

मी झुंबरबाईंसमोर जाऊन हात जोडले. "मावशी, माझी चूक झाली. हे तुमचे वडील आहेत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्या आत आल्या, गुडघ्यांवर हात टेकत पाटासमोर बसल्या आणि चेहरा फोटोच्या जवळ नेला. "लई बारीक हाय की," त्या म्हणाल्या. "पोरगाच हाय. माज्या नातवाएवढा." मग डोळे पुसायचं भान न राहता त्या तशाच बघत राहिल्या. मी खोटं कशाला बोलू, मलाही रडू आलं.

मच्छिंद्र दाराशी खांबाला टेकून उभा होता. धडधाकट माणूस, पण एकदम लहान दिसायला लागला होता. त्याचा आजा येऊन लगेच परत गेला होता.

"मावशी, मला म्हाईत न्हवतं," तो म्हणाला. "मी आपला समजून... खीर केली, वडे केले, गवारीची भाजी, कढी. पयला घास कौलावर ठिवला अन् हात मागं घ्यायच्या आत कावळा शिवला. दरवर्षी दोन दोन तास वाट बगतो आमी. मला वाटलं, आजाच आला. मग मी जेवायला घातलं कुनाला?"

"माज्या बापाला," झुंबरबाई म्हणाल्या.

त्यांनी मागे वळून हात पुढे केला, आणि मच्छिंद्र त्यांच्याशेजारी येऊन बसला तसा तो त्याच्या पाठीवर ठेवला.

"लगीच शिवनार न्हाई तर काय करनार, लेकरा," त्या म्हणाल्या. "ऐंशी वर्सं उपाशी हुता त्यो."